दारू, गांजा, गोळ्या, गुटखा : खान्देशात हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. पण आपल्याकडे माणूस डॉक्टरला विचारायच्या आधी मेडिकलवाल्याला विचारतो, आणि तेही गर्दी कमी झाल्यावर, हळू आवाजात, "एका मित्रासाठी विचारतोय भो" असं म्हणत. तेच प्रश्न इथे घेतलेत. उत्तरं स्पष्ट आहेत, कोणाला टोचली तर टोचली. औषधाचा डोस इथे मिळणार नाही, तो डॉक्टरच ठरवेल.

मी रोज फक्त एक क्वार्टर घेतो, पिऊन दंगा करत नाही, मग काय प्रॉब्लेम?

दंग्याचा आणि लिव्हरचा काही संबंध नाही भाऊ. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ७७ मिली, वजनात धरलं तर ६० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना १० ग्रॅमला एक ड्रिंक धरते, म्हणजे तुमचं "फक्त एक" हे सहा झालं. आणि लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटवू शकतं, त्याला घाई करता येत नाही, लिंबू पिऊन नाही, कांदा खाऊन नाही, थंड पाण्याने आंघोळ करून तर मुळीच नाही. रात्री अकराला ग्लास संपवला तर सकाळी सहाला शेतात निघताना थोडीफार अजून अंगात असू शकते. गाडी चालवणाऱ्याला कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, पहिल्यांदा सापडलात तर दहा हजारापर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "रात्री घेतली होती साहेब" हे मशीनला कळत नाही.

बीअर तर दारूत धरत नाहीत ना?

धरतात. स्ट्राँग बीअरची मोठी बाटली ६५० मिलीची, ८ टक्क्यांची, त्यात ४० ग्रॅमच्या वर अल्कोहोल निघतं. म्हणजे एक बाटली ही क्वार्टरच्या दोन-तृतीयांश. दोन बाटल्या पिऊन "आज फक्त बीअरच घेतली" म्हणणारा क्वार्टरवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

देशी, इंग्लिश, ताडी, मोहाची, हातभट्टीची, यात कमी घातक कोणती?

सरकारी सीलबंद देशी आणि इंग्लिश यांचा कडकपणा जवळपास सारखाच, फरक चवीचा आणि रुबाबाचा. "मी इंग्लिश घेतो, मला काही होत नाही" हे निव्वळ मनाचं समाधान.

मोहाचं जरा वेगळं आहे. अक्कलकुवा, धडगाव भागात मोह हा घरचा देव आहे, काठी गावच्या होळीला, लग्नाला, मयताला मोहाची लागतेच, आणि जुनी माणसं ती घरी गाळायची, ठरावीक वेळीच प्यायची. त्यावर शहरातल्या माणसाने नाक मुरडू नये. घोटाळा होतो तो विकण्यासाठी गाळली जाते तेव्हा. नवसागर टाकतात, युरिया टाकतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कडक करायला बाहेरून आणलेलं स्पिरिट ओततात, ते कसलं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. त्यात मिथेनॉल असलं तर खेळ खल्लास. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराच्या वर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. ताडीचंही तसंच, झाडावरची ताजी ताडी वेगळी आणि पावडर कालवून केलेली वेगळी, त्या पावडरीत क्लोरल हायड्रेट नावाचं झोपेचं औषध असतं आणि रोज पिणाऱ्याला ती एक दिवस नाही मिळाली की झटके येतात.

मिथेनॉल ओळखायचं कसं? वासाने नाही, चवीने नाही, पेटवून निळी ज्योत बघूनही नाही. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर जातं. गंमत म्हणजे पहिले बारा-चोवीस तास माणूस नुसता उतरल्यासारखा वाटतो, मग पोटात कळ, उलट्या, धाप आणि डोळ्यापुढे पांढरं धुकं. डोळ्याला अंधुक दिसतंय असं पिणारा म्हणाला की त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या, यावर उतारा आहे, डायलिसिस करता येतं, पण वेळेत. आणि त्याच कॅनमधली ज्यांनी प्यायली त्या सगळ्यांना न्या, "मला काही नाही झालं" म्हणणाऱ्यालाही.

लिव्हर खराब होत असेल तर आधी दुखेल ना?

नाही, हीच तर पंचाईत. आधी चरबी चढते, तेव्हा काही कळत नाही, सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी केली तर दिसते, आणि या पायरीवर सोडली तर लिव्हर बरंचसं पूर्ववत होतं. मग सूज, मग लिव्हर कडक होत जातं. डोळे पिवळे, पायावर सूज, पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी संडास हे दिसतं तेव्हा गाडी बरीच पुढे गेलेली असते. कावीळ झाली म्हणून गावठी औषध नाकात टाकून घ्यायला जातात आणि त्यात दोन-तीन आठवडे घालवतात, तेवढं करू नका. आणखी एक, अल्कोहोल हे कॅन्सरच्या पक्क्या कारणांच्या यादीत १९८८ पासून आहे, तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आणि बायकांमध्ये स्तनाचाही.

पिल्यावर डोकं दुखतं, कोणती गोळी घेऊ?

काउंटरवर सकाळी सकाळी हाच प्रश्न. रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉल भारंभार घेतलं तर लिव्हरवर दुहेरी मार, आणि दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या रिकाम्या पोटी दारूवर टाकल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पाणी प्या, जेवा, झोपा. शुगरवाल्यांनी तर जास्त सांभाळायचं, इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशीपोटी प्यायलात तर साखर एकदम खाली येते आणि घाम, बडबड, तोल जाणं हे सगळं बघून घरचे म्हणतात "चढली आहे, झोपू द्या". तो झोपत नसतो.

श्रावणात एकदम सोडतो मी, दरवर्षी. त्यात काय धोका?

कधीमधी घेणाऱ्याला काही धोका नाही, खुशाल सोडा, आणि पोळ्याला परत सुरू करू नका म्हणजे झालं. पण जो वर्षानुवर्षं रोज सकाळपासून घेतो, ज्याचे हात ग्लास पोटात गेल्याशिवाय थांबत नाहीत, त्याने डॉक्टरला न विचारता एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. हे लोकांना पटतच नाही, की दारू सोडल्याने माणूस कसा मरेल.

होतं असं. इतकी वर्षं दारूने मेंदू दाबून ठेवलेला असतो, तो दाब एकाएकी निघाला की मेंदू उसळतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम, मळमळ, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आयुष्यात कधी फिट न आलेल्याला. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम सुरू होतो. माणूस खाटेवर बसून चादरीवरचं काहीतरी चिमटीने उचलत राहतो, तिथे काही नसतं. भिंतीवरून मुंग्या चालल्या म्हणतो, दारात मेलेला काका उभा आहे म्हणतो, बायकोला ओळखत नाही, अंग तापतं, उठून पळायला बघतो. आपल्याकडे अशा वेळी घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि रात्रीत भगताकडे नेतात. तिथे धूप, लिंबू, मारहाण, आणि तोवर ताप चढत जातो. हे बाहेरचं नाही, दारू बंद झाल्याचं आहे आणि दवाखान्यात याला चांगला उपचार आहे, चार-पाच दिवसांत बहुतेक माणूस शुद्धीवर येतो.

दवाखान्यात गेलात की पहिल्यांदा सांगा, "हे रोज पितात, अमुक दिवसापासून बंद आहे". लाजेने लपवतात आणि डॉक्टर नुसत्या अशक्तपणाचा इलाज करत बसतो. सांगण्याचं आणखी एक कारण, रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-वन व्हिटॅमिन संपलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. "दोन बाटल्या लावून द्या, ताकद येईल" असं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सांगून सलाईन लावून घेणारे म्हणूनच धोक्यात.

नवऱ्याच्या भाजीत गुपचूप टाकायची पावडर आहे का?

ताई, तुमचा त्रास कळतो, रोज कोणी ना कोणी माउली विचारते. पण मी देत नाही आणि कोणी देत असेल तर घेऊ नका. त्या पुड्यांमध्ये काय आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि खरं औषध असलंच तर ते बहुतेक डायसल्फिराम. ते पोटात असताना माणूस प्यायला की तोंड लालबुंद, छाती धडधड, उलट्या, दम लागतो, बीपी धाडकन खाली. ज्याला माहीत आहे तो घाबरून पीत नाही, औषधाचं काम तेवढंच आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर लावतो आणि तिथेच आडवा होतो, हृदय कमजोर असेल तर उठतच नाही. शिवाय गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो. हे औषध पिणाऱ्याच्या संमतीने, रक्त तपासून, डॉक्टरच देतो. ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, ती पण चिठ्ठीवरच.

गांजा तर वनस्पती आहे, साधू ओढतात, त्याने काय होतं?

धोतराही वनस्पतीच आहे. शिरपूर, चोपडा पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याला कपाशीत, तुरीत लपवून लावलेला गांजा पोलीस उपटतात हे दर हंगामात पेपरला येतं, म्हणून माल इथे सहज मिळतो आणि म्हणून पोरांना तो साधा वाटतो. गांजाने दारूसारखा लिव्हर जात नाही हे खरं. पण अठराच्या आतल्या पोराने रोज ओढला तर लक्ष लागत नाही, आठवण राहत नाही, आणि ज्याच्या घराण्यात वेडाचा आजार आहे त्याला तो लवकर आणि जोरात उचलतो. "लोकं माझ्यावरच बोलतात, मोबाईलमधून माझ्यावर नजर ठेवतात" असं पोरगा म्हणायला लागला तर मंत्र नको, मानसोपचार डॉक्टर गाठा.

भांगेचं एक लक्षात ठेवा, ओढलेलं मिनिटात चढतं, पोटातून गेलेलं चढायला तास-दोन तास लागतात. होळीला, महाशिवरात्रीला लोक "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा, तिसरा ग्लास घेतात आणि मग सगळे एकदम चढतात. कायद्याचं म्हणाल तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बांधावर चार झाडं लावून देतो, पैसे घे, असं कोणी म्हणालं तर हा आकडा आठवा.

कुत्ता गोळी म्हणजे नक्की काय?

अल्प्राझोलाम किंवा तिच्याच जातीतली गोळी. मालेगाव, धुळ्याकडे हे नाव पडलं. मूळ औषध चांगलं आहे, घबराटीच्या आजारावर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात. नशेसाठी ती पाच-दहा एकदम घेतात, माणूस कोणाला भीत नाही, कोणाशी काय बोलला ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही, सुरे निघतात ते अशाच वेळी. खरा धोका दारूबरोबर. दोन्ही मेंदूला झोपवतात आणि श्वास चालवायचं कामही मेंदूचंच, तोच झोपला की माणूस झोपेत थंड पडतो. कोडीनवालं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉलच्या गोळ्या यांचंही दारूसोबत हेच होतं.

या गोळ्याही रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, दारूसारखीच फिट येते, हळूहळू कमी करायच्या असतात. आणि मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय नाही म्हटलं की भांडू नका, ही एच-वन यादीतली औषधं आहेत, नाव, डॉक्टर, तारीख रजिस्टरला लिहावं लागतं. जो न लिहिता देतो तो तुमचा मित्र नव्हे.

एमडी आपल्याकडे पण आलं का?

आलं. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेल्या पोरांसोबत येतं आणि २०२३ ला नाशिकजवळ तर त्याचा कारखानाच सापडला. मेफेड्रोन, पांढरी पावडर. दोन-दोन दिवस झोप नाही, भूक नाही, दात कराकरा, हृदयाचे ठोके बेताल, आणि उतरल्यावर एवढी उदासी की पोरगा जीव द्यायला बघतो. एकदम बारीक झालेला, पैसे मागणारा, रात्रभर जागा असणारा पोरगा दिसला तर आधी जवळ बसा, मारू नका.

व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणारी लेकरं?

भुसावळ, जळगाव स्टेशनच्या आसपास रुमाल तोंडाला लावून फिरताना दिसतात. टोल्युइनसारख्या रसायनांची वाफ थेट मेंदूत जाते, आणि पहिल्यांदाच हुंगणाऱ्याचं हृदयही जागच्या जागी बंद पडू शकतं. हुंगताना पकडलं तर मागे धावू नका, त्या दचकण्यानेच ठोका चुकतो. १०९८ ला फोन करा, ती लहान मुलांची हेल्पलाइन आहे.

तंबाखू, गुटखा हे काय व्यसन धरायचं का?

आपल्या भागात सगळ्यात जास्त माणसं यानेच जात असतील असं माझं मत आहे, पण तंबाखू मळून दोघांत वाटून खाणं हा आपल्याकडे शिष्टाचार झालाय त्यामुळे बोलायची सोय नाही. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, तरी पुडी मिळते, गुजरात आणि मध्य प्रदेश दोन्ही हद्दी जवळ आहेत म्हणून जास्तच मिळते.

घरच्या घरी एक बघा. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. जात नसतील, तिखट शेवभाजी आता सोसत नसेल, गालाच्या आत पांढरट ताठ पट्टे लागत असतील तर तोंड आवळत चाललंय. हे सुपारीने होतं, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही होतं, आणि पुढे त्याच जागी कॅन्सर होऊ शकतो. दोन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा दाताच्या डॉक्टरला दाखवाच. रात्री गालात पुडी धरून झोपणाऱ्यांनी तर आजच. सोडायला मदत हवी तर १८०० ११ २३५६, फुकट आहे.

उन्हाळ्यात थंड बीअर घेतली तर चालते ना?

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो. अल्कोहोलने लघवी जास्त होते, पाणी अंगातून जातं, वरून तहान भागल्यासारखी वाटते. उष्माघाताला आमंत्रण. ताक प्या.

तसंच, कपाशीवर फवारणी करून आल्यावर "विष उतरतं" म्हणून घेतात, विष अजिबात उतरत नाही. उलट मळमळ, लाळ, डोळ्याच्या बाहुल्या बारीक होणं ही विषबाधेची लक्षणं दारूत लपून जातात आणि दवाखान्यात जायला उशीर होतो.

भरीत पार्टीला मळ्यात एक जण बेशुद्ध पडला, काय करायचं?

हलवून, जोरात हाक मारून उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळसर, अंग गार असेल तर ती झोप नाही. १०८ लावा. कुशीवर वळवा, म्हणजे उलटी आली तर श्वासात जाणार नाही. उताणा ठेवू नका, एकटा सोडू नका, थंडीत अंगावर काहीतरी टाका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं, लिंबू पिळणं, विहिरीचं पाणी ओतणं हे सगळं बंद. आणि काय काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा, गोळ्या घेतल्या असतील तर रिकामं पाकीट खिशात घालून न्या. पार्टी कोणाच्या मळ्यात होती हे डॉक्टर विचारत नाही.

सोडायची आहे, जायचं कुठे? खूप खर्च येतो का?

आधी सरकारी. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, तिथल्या मानसोपचार विभागात केस पेपर काढा, नाममात्र खर्चात काम होतं. घरूनच बोलायचं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, आणि मन खचलं असेल तर १४४१६. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, खान्देशातलेही लोक जातात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा फुकट असतात, तिथे सगळे पिऊन सोडलेलेच, त्यामुळे कोणी उपदेश करत नाही.

खाजगी केंद्रात टाकायच्या आधी स्वतः आत जाऊन बघा. डॉक्टर रोज येतो का, फिट आली तर कुठे नेतात, घरच्यांना भेटू देतात का. साखळीने बांधणं, मारणं याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सक्त मनाई आहे. "तीन महिने भेटायचं नाही" म्हणणाऱ्याकडे माणूस ठेवू नका. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं होतं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो, बाकी ३७ जण आपल्या गल्लीतच आहेत.

उपचाराला गेलो तर पोलीस धरतील का?

दारूसाठी नाही. गांजा, ब्राऊन शुगर वगैरेचं म्हणाल तर एनडीपीएसमध्ये कलम ६४-अ आहे, स्वतःसाठी थोडा माल बाळगलेला किंवा सेवन केलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्ध्यात सोडला तर सूटही जाते. विकणाऱ्याला यातलं काही नाही.

आठ महिने सोडली होती, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यात बसलो आणि परत सुरू. आता सगळं वाया?

वाया कसं, आठ महिने लिव्हरला सुट्टी मिळाली ना. परत पिणं हे या आजारात होतंच, बीपीची गोळी सोडली की बीपी वाढतं तसं. चार दिवसांत परत डॉक्टरकडे जा, चार महिन्यांनी नको. फक्त ब्राऊन शुगर किंवा त्या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक जपा, मध्ये बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. केंद्रातून बाहेर आल्यावरचे पहिले आठवडे म्हणून सगळ्यात वाईट.

गावातलं दारूचं दुकानच बंद करता येतं का?

येतं. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान लागतं, उभी बाटली की आडवी बाटली. आडवीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत, नुसत्या आलेल्यांच्या निम्मी नाही, इथेच बऱ्याच गावांचं गणित चुकतं. त्यामुळे लग्नसराईत किंवा कापूस वेचणीत तारीख येऊ देऊ नका, बाया मजुरीला गेलेल्या असतात. आणि लायसनचं दुकान बंद झालं की नाल्याकाठची हातभट्टी जोर धरते, तिची तक्रार उत्पादन शुल्ककडे त्याच आठवड्यात लेखी द्या, पोच घ्या.